कोरीं राहिलेलीं सात वर्षें

जगांतील सर्वांत नामांकित सायकल-शर्यत कोणती, असें विचारल्यास फ्रान्स देशाच्या प्रदक्षिणेची, म्हणजे ‘टूर द फ्रान्स’ ही होय, असेंच उत्तर मिळेल. ही शर्यत १९०३ सालीं सुरू झाली. तेव्हांपासूनच्या विजयी वीरांची यादी वरपासून खालपर्यंत वाचीत गेल्यास वाचकाचा डोळा तीन ठिकाणीं अडखळतो. १९१५ ते १९१८ या चार वर्षांपुढें कोणाचेंहि नांव नाहीं. १९४० ते १९४६ या सात वर्षांपुढेंहि नाहीं. या दोन खंडांचें कारण शाळेंतील लहान मुलगाहि सांगेल. त्या काळीं युरोपांत महायुद्धाचा वणवा पेटलेला होता, किंवा नुकता विझलेला होता, आणि शर्यत भरलीच नाहीं. परंतु पुढें १९९९ पासून २००५ पर्यंत पुन्हां सात वर्षें कोरीं आहेत. या वर्षांत फ्रान्समध्यें युद्ध नव्हतें. शर्यत दरसाल भरली. लाखों लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंस उभे राहिले, पॅरिस नगरींत विजेत्याचा सत्कार झाला, त्याच्या देशाचें राष्ट्रगीतहि वाजलें. तथापि आज तेथें कोणाचेंहि नांव नाहीं. दुसऱ्या महायुद्धानें या यादींतील जितकीं वर्षें पुसून टाकलीं, तितकींच असत्यानेंहि पुसून टाकलीं. हें कसें घडलें आणि त्याचा परिणाम काय झाला, तें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम या शर्यतीचें स्वरूप ध्यानांत घेतलें पाहिजे. ‘लोटो’ नांवाच्या एका फ्रेंच क्रीडापत्रानें, आपला खप वाढावा या उघड हेतूनें, ही शर्यत काढली. आंरी देग्रांज हे त्या पत्राचे संपादक होते. पहिल्या वर्षीं ६० स्वार निघाले, आणि सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटरची मजल मारून त्यांपैकीं २१ जण शेवटास पोंचले. पहिला आलेला मोरिस गारँ हा लहानपणीं धुराडीं साफ करण्याचें काम करीत असे. पुढें १९१९ सालापासून सर्वांत आघाडीवर असलेल्या स्वारास पिवळा सदरा देण्याची चाल पडली; ‘लोटो’ पत्र पिवळ्या कागदावर छापलें जात असे. हल्लीं या शर्यतीचे २१ टप्पे असतात, आणि मध्यें विश्रांतीचे दोन दिवस धरून ती तेवीस दिवस चालते. एकंदर अंतर सुमारें ३,४०० किलोमीटर भरतें. मुंबईहून सडकेनें दिल्लीस जाऊन परत यावें, त्याहूनहि हें अधिक आहे. शिवाय वाटेंत आल्प्स आणि पिरेनीज हे पर्वत. ज्यांनीं बोरघाट सायकलीवरून चढून पाहिला आहे, त्यांना छातीचा भाता कसा होतो हें सांगावयास नको. त्या पर्वतांतील मोठे घाट बोरघाटाच्या दुपटीहून उंच आहेत, आणि असे तीन-चार घाट एकाच दिवशीं ओलांडावे लागतात.

हे स्वार धंदेवाईक असतात. सायकल चालविणें हाच त्यांचा चरितार्थ. मोठमोठ्या कंपन्या आपल्या नांवाचे संघ पोसतात. संघांत एक नायक असतो, आणि बाकीच्यांनीं त्याच्यासाठीं वारा अंगावर घ्यावयाचा, पाण्याच्या बाटल्या आणून द्यावयाच्या, आणि शेवटच्या चढावर त्याला पुढें धाडून आपण मागें राहावयाचें. नायक हरला तर कंपनी नाराज होते. कंपनी नाराज झाली तर पुढील वर्षींचा करार होत नाहीं. अनेक स्वार गरीब शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या घरांतून आलेले असत. त्यांच्यापुढें कोणी औषधाची कुपी धरली, तर तिच्यामागें केवळ कीर्तीचा मोह नसे, घरच्या भाकरीचा प्रश्नहि असे. हें सांगण्यांत त्यांच्या दोषाचें समर्थन नाहीं; पण रोग समजून घ्यावयाचा तर त्याचें मूळ पाहिलें पाहिजे.

लबाडी ही या शर्यतीच्या जन्मापासूनच तिच्या पाठीस लागली. १९०४ सालीं, म्हणजे दुसऱ्याच वर्षीं, कांहीं स्वारांनीं रात्रींच्या अंधारांत आगगाडीचा व मोटारीचा आश्रय घेतल्याची तक्रार झाली. चौकशीअंतीं पहिले चारहि क्रमांक रद्द झाले. त्यांत स्वतः गारँहि होता. पांचवा आलेला आंरी कोर्ने हा अवघा १९ वर्षांचा तरुण विजयी ठरला. आगगाडींत बसणारा निदान कोणाच्या तरी दृष्टीस पडतो. औषध पोटांत गेलें म्हणजे तें दिसत नाहीं, आणि तेथेंच खरी अडचण सुरू होते. १९२४ सालीं पेलिसिए बंधूंनीं शर्यत मध्येंच सोडली, आणि आल्बेर लाँद्र या प्रसिद्ध वार्ताहरापुढें आपल्या पिशव्या उघड्या केल्या. त्यांत डोळ्यांसाठीं कोकेन होतें, हिरड्यांसाठीं क्लोरोफॉर्म होतें, आणि नाना प्रकारच्या गोळ्या होत्या. त्या काळीं यांतील कोणत्याहि वस्तूस मनाई करणारा नियम नव्हता.

दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांना व वैमानिकांना जागें ठेवण्यासाठीं अँफेटामीन नांवाचीं औषधें देत असत. युद्ध संपल्यावर तीं शर्यतींच्या रस्त्यावर आलीं. या औषधानें शक्ति वाढत नाहीं. थकवा आला आहे ही जाणीव मात्र नाहींशी होते. शरीर ‘आतां पुरे’ असें ओरडून सांगत असतें, पण तो आवाज मनापर्यंत पोंचत नाहीं. याचा परिणाम १३ जुलै १९६७ रोजीं साऱ्या जगानें पाहिला. टॉम सिम्प्सन हा इंग्रज स्वार १९६५ चा जगज्जेता होता. त्या दिवशीं फ्रान्सच्या दक्षिणेकडील व्हाँतू या उघड्याबोडक्या पर्वतावर भयंकर ऊन तापलें होतें. शिखर थोडेंच दूर राहिलें असतां तो वेडावांकडा जाऊं लागला आणि पडला. लोकांनीं त्याला उचलून पुन्हां सायकलीवर बसविलें. थोड्याच अंतरावर तो पुन्हां पडला, आणि मग उठला नाहीं. त्याच्या सदऱ्याच्या खिशांत अँफेटामीनच्या नळ्या सांपडल्या, आणि तेंच औषध त्याच्या शरीरांतहि आढळलें. त्याचें वय २९ वर्षांचें होतें. त्या चढावर आज त्याचें स्मारक आहे.

याच्या आदल्याच वर्षीं, १९६६ सालीं, या शर्यतींत प्रथम तपासणी करण्यांत आली होती. दुसऱ्या दिवशीं स्वारांनीं काय करावें? ते सायकलीवरून उतरले आणि निषेध म्हणून पायीं चालूं लागले! आपल्या जिवाच्या रक्षणासाठीं केलेला नियम त्यांना अपमान वाटला. पुढें तपासणी नित्याची झाली, तशी चुकविण्याची विद्याहि वाढली. १९७८ सालीं बेल्जमचा मिशेल पोलँतिए हा पिवळा सदरा मिळवून तपासणीस गेला, तेव्हां त्यानें दुसऱ्याचें मूत्र भरलेला रबरी फुगा काखेंत लपविल्याचें उघडकीस आलें. त्यास तत्काळ शर्यतींतून घालवून देण्यांत आलें.

येथवर जें सांगितलें, तें पुढील काळाच्या मानानें पोरखेळ वाटावें, असें एक औषध १९८९ च्या सुमारास बाजारांत आलें. त्याचें कार्य नीट समजून घेणें जरूर आहे. आपल्या रक्तांतील तांबड्या पेशी फुफ्फुसांतील प्राणवायु उचलून स्नायूंपर्यंत नेतात. या पेशी हाडांच्या आंतील मज्जेंत तयार होतात. किती तयार कराव्या, याचा हुकूम मूत्रपिंडांत निर्माण होणारा एरिथ्रोपॉयटिन नांवाचा स्राव देतो. त्यालाच थोडक्यांत ई.पी.ओ. म्हणतात. ज्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं आहेत, त्यांच्या अंगीं रक्त भरत नाहीं. अशा रोग्यांसाठीं शास्त्रज्ञांनीं हा स्राव प्रयोगशाळेंत तयार केला, आणि असंख्य रोग्यांना त्यानें नवें जीवन दिलें. परंतु निरोगी स्वारानें तो टोंचून घेतला, तर तांबड्या पेशी वाढतात, स्नायूंना अधिक प्राणवायु मिळतो, आणि जो घाट चढतांना इतरांची छाती फुटते, तो चढतांना हा पुढें निघून जातो. अँफेटामीन थकव्याची जाणीव लपवितें, ई.पी.ओ. खरोखरच बळ देतें. पण त्या बळाची किंमतहि आहे. पेशी फार झाल्या म्हणजे रक्त दाट होतें, त्याच्या गुठळ्या होतात, आणि हृदयावर भार पडतो.

या औषधाची प्रत्यक्ष तपासणी २००० सालच्या सिडनी येथील ऑलिंपिक सामन्यांपर्यंत नव्हती. म्हणून १९९७ सालीं आंतरराष्ट्रीय सायकल-संघटनेनें असा नियम केला कीं, रक्तांत तांबड्या पेशींचा भाग शेंकडा ५० हून अधिक भरल्यास त्या स्वारानें कांहीं दिवस शर्यतींत उतरूं नये. नियमाचा हेतु चांगला होता, परंतु फळ उलटें आलें. लबाड स्वार आपलें रक्त बरोबर पन्नासाच्या खालीं आणून ठेवूं लागले, आणि तपासणीचा सुगावा लागतांच शिरेंतून मिठाचें पाणी घेऊन रक्त पातळ करूं लागले. ज्याला कुंपण म्हणून घातलें, तेंच गांठावयाचें ठिकाण होऊन बसलें.

या ठिकाणीं एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो आपणांसहि पुष्कळदां ऐकूं येतो. ‘सगळेच घेत होते, तर मग शर्यत समानच झाली, त्यांत अन्याय कोणता?’ असें कित्येक म्हणतात. हें खरें नव्हे. समजा, एकाच्या रक्तांत जन्मतः शेंकडा ४७ भाग तांबड्या पेशी आहेत आणि दुसऱ्याच्या रक्तांत ४०. पन्नासाच्या मर्यादेपर्यंत पहिल्याला तीनच भाग वाढवितां येतात, दुसऱ्याला दहा. म्हणजे निसर्गानें ज्याला कमी दिलें, त्याला औषधानें अधिक मिळतें. आणि ज्याच्या पदरीं हुशार वैद्य व भरपूर पैसा आहे, त्याला सर्वांहून अधिक. शिवाय सगळेच घेत नव्हते. जे घेत नव्हते, ते मागें पडल्यामुळें कोणाला दिसत नव्हते, इतकेंच.

१९९८ सालीं हें सारें बाहेर पडलें. शर्यत त्या वर्षीं आयर्लंडमधील डब्लिन शहरीं सुरू व्हावयाची होती. ८ जुलै रोजीं फ्रान्स व बेल्जम यांच्या सरहद्दीवर जकातीच्या अधिकाऱ्यांनीं एक मोटार अडविली. फेस्टिना या घड्याळाच्या कंपनीच्या संघाचा मालिश करणारा नोकर विली वूट ती हांकीत होता. मोटारींत ई.पी.ओ. व इतर औषधांच्या शेंकडों कुप्या निघाल्या. संघाच्या व्यवस्थापकानें पोलिसांपुढें कबूल केलें कीं, स्वारांना औषधें देण्याची व्यवस्था संघच करीत होता. संपूर्ण संघास शर्यतींतून काढून टाकण्यांत आलें. पोलिसांनीं इतर संघांच्या खोल्या तपासतांच स्वार रस्त्यावर बसून राहिले. एक टप्पा तर रद्दच करावा लागला. कित्येक संघ शर्यत सोडून निघून गेले. १८९ स्वार निघाले होते. पॅरिसला पोंचले ते ९६.

पुढील वर्षीं, १९९९ सालीं, शर्यतीच्या चालकांनीं नव्या युगाची घोषणा केली, आणि त्या नव्या युगाला शोभेल असा वीरहि मिळाला. अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँग हा तीन वर्षांपूर्वीं कर्करोगानें मरणाच्या दारीं गेला होता. तो बरा होऊन आला आणि जिंकला. अशा कथेवर कोणाचा विश्वास बसणार नाहीं? रोग्यांना तिनें धीर दिला. वृत्तपत्रांनीं ती घरोघर पोंचविली. त्याच शर्यतींत त्याच्या मूत्रांत एका निषिद्ध औषधाचा अंश आढळला असतां, मागील तारीख घालून वैद्याची चिठ्ठी दाखविण्यांत आली, आणि प्रकरण मिटलें.

त्याच शर्यतींत क्रिस्तोफ बासाँ नांवाचा एक फ्रेंच स्वार होता. तो पूर्वीं फेस्टिना संघांत होता, आणि त्या संघांतील जे थोडे या पापापासून अलिप्त राहिले, त्यांपैकीं एक होता. ही साक्ष खुद्द त्याच्या सोबत्यांनींच पोलिसांपुढें दिली होती. तो एका फ्रेंच दैनिकांत रोज मजकूर लिहीत असे. मागील वर्षींचा गोंधळ होऊनहि शर्यतीचा वेग कमी झालेला नाहीं, मग खरोखर बदललें काय, असा प्रश्न त्यानें केला. त्यावरून सोबती त्याच्याशीं बोलेनासे झाले. १४ जुलै रोजीं तो एकटा पुढें निघाला असतां सर्व स्वारांनीं मिळून त्याला गांठलें, आणि पिवळा सदरा अंगावर असलेल्या आर्मस्ट्राँगनें त्याला बजावलें कीं, तुझें बोलणें शर्यतीला बाधक आहे, तूं येथून जावेंस हें बरें. स्वतःच्या संघांतहि त्याला आधार उरला नाहीं. दोन दिवसांच्या आंत बासाँ शर्यत सोडून घरीं गेला, आणि २००१ सालीं त्यानें हा धंदाच सोडला. ज्यानें चोरी केली नव्हती, त्यालाच जावें लागलें, आणि चोरी करणाऱ्याच्या गळ्यांत पुढें सात वर्षें हार पडत राहिले.

त्या सात वर्षांत कोणालाच कांहीं कळलें नाहीं, असें नाहीं. डेव्हिड वॉल्श या वार्ताहरानें पहिल्या वर्षापासून शंका घेतली. परंतु त्याच्या ‘संडे टाइम्स’ या पत्रावर आर्मस्ट्राँगनें अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि २००६ सालीं त्या पत्रास मोठी रक्कम देऊन ती मिटवावी लागली. संघाबरोबर काम करणाऱ्या एका बाईनें सत्य सांगितलें, तर तिची निंदा झाली. अखेर त्याच्याच जुन्या सोबत्यांनीं तोंड उघडलें. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेनें २६ जणांच्या साक्षी घेतल्या आणि ऑक्टोबर २०१२ मध्यें आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्याच महिन्यांत त्याचे सातहि विजय रद्द झाले, आणि जानेवारी २०१३ मध्यें त्यानें जगापुढें गुन्हा कबूल केला. आपण शेंकडों तपासण्यांतून निर्दोष सुटलों, असें तो वर्षानुवर्षें सांगत आला होता!

मग तीं सात विजेतेपदें दुसऱ्या क्रमांकाच्या स्वारांस कां दिलीं नाहींत? कारण असें कीं, त्या काळच्या पुढें आलेल्या स्वारांपैकीं पुष्कळांवर तोच ठपका होता. त्यांतून निर्मळ कोण, हें खात्रीनें सांगणें अशक्य झालें. यादींतील ते कोरे रकाने म्हणजे एकट्या आर्मस्ट्राँगची शिक्षा नव्हे. ‘खरा विजेता कोण, हें आम्हांस आतां कधींच कळणार नाहीं,’ अशी ती एका सबंध खेळाची कबुली आहे. कदाचित् एखादा प्रामाणिक स्वार त्या वर्षीं विसावा आला असेल, आणि योग्य मोबदल्यावांचून, नांवावांचून, आपणांस हें साधत नाहीं असें समजून घरीं गेला असेल. ज्याची चोरी झाली, त्याला आपली चोरी झाली हेंहि ठाऊक नाहीं.

शर्यतींवर याचे जे परिणाम झाले, ते थोडक्यांत असे. २००६ सालीं स्पेनमध्यें एका वैद्याकडे साठविलेल्या रक्ताच्या पिशव्या सांपडल्या, आणि शर्यतीच्या पूर्वसंध्येस अनेक नामांकित स्वारांना परत पाठविण्यांत आलें. त्या वर्षीं पॅरिसला पहिला आलेला फ्लॉइड लँडिस हाहि पुढें अपात्र ठरला. २०१० च्या विजेत्याचें पदहि २०१२ सालीं काढून घेण्यांत आलें. जर्मनीच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीनें २००७ सालीं शर्यत चालू असतांनाच तिचें प्रक्षेपण बंद केलें. त्याच वर्षीं तेथील मोठ्या दूरध्वनी कंपनीनें आपला संघ सोडला. जर्मनीची स्वतःची प्रदक्षिणा-शर्यत २००८ नंतर बंद पडली, ती २०१८ सालींच पुन्हां भरली. त्या दहा वर्षांत मोठे झालेल्या जर्मन मुलांना आपल्या गांवावरून जाणारी ती शर्यत पाहावयास मिळाली नाहीं. त्यांचा यांत काय अपराध होता? इटलीचा मार्को पांतानी हा १९९८ चा विजेता, घाटांचा राजा म्हणून लोकांचा लाडका. १९९९ सालीं इटलीची शर्यत हातीं आली असतां रक्ताच्या तपासणींत तो अडकला आणि काढला गेला. त्यानंतर तो सांवरला नाहीं. २००४ सालीं एका हॉटेलच्या खोलींत कोकेनच्या अतिसेवनानें तो एकटाच मरण पावला. तेव्हां त्याचें वय ३४ होतें.

अंधाराबरोबर थोडा उजेडहि सांगितला पाहिजे. १९९८ च्या प्रकरणाचाच परिणाम म्हणून १९९९ सालीं उत्तेजकांविरुद्ध लढणारी जागतिक संस्था स्थापन झाली. २००८ सालापासून सायकलस्वारांसाठीं ‘जैविक पारपत्र’ सुरू झालें. त्यांत स्वाराचें रक्त वर्षानुवर्षें तपासून नोंदून ठेवतात, आणि त्याची तुलना इतरांशीं न करतां त्याच्या स्वतःच्याच मागील नोंदींशीं करतात. वर्गशिक्षक जसे वर्षभराच्या वह्या पाहून, परीक्षेंतील उत्तर त्याच मुलाचें आहे कीं शेजाऱ्याचें हें ओळखतात, तसाच हा प्रकार आहे. आतां औषध सांपडलें नाहीं तरी त्याच्या खुणा सांपडतात. वरिष्ठ स्वारांना रोज एक तास आपण कोठें भेटूं, हेंहि कळवून ठेवावें लागतें. लबाडी समूळ गेली, असें म्हणतां येणार नाहीं. पण ती पूर्वींइतकी सोपी राहिली नाहीं. मात्र आजचा प्रामाणिक स्वार घाटांत पुढें निघाला, तर टाळ्यांबरोबर संशयाची कुजबूजहि त्याच्या कानीं येते. दुसऱ्यांनीं केलेलें कर्ज तो फेडीत आहे.

हा प्रश्न केवळ दूरच्या देशाचा आहे, असें आपणांस म्हणतां येत नाहीं. आपल्या देशांत २०२२ सालीं याविषयीं स्वतंत्र कायदा झाला. २०२३ च्या जागतिक अहवालांत, पांच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत दोषी आढळणाऱ्यांचें सर्वांत मोठें प्रमाण, शेंकडा ३.८, हें भारताचें होतें. पदक मिळालें तर नोकरी मिळेल, या आशेनें कोणी तरुण ती कुपी हातीं घेतो. त्याच्याहि घरीं भाकरीचा प्रश्न असतो. म्हणून पालकांनाहि एक विनंती आहे. मुलगा मैदानावरून वा परीक्षेवरून घरीं आला म्हणजे ‘कितवा आलास?’ असें आपण विचारतों. कधीं तरी ‘कसा खेळलास?’ असेंहि विचारावें.

आणि विद्यार्थिमित्रांनो, वर्गांत सर्वजण एकमेकांचें पाहून लिहीत असतां एखादा जर म्हणाला, ‘मी लिहिणार नाहीं,’ तर त्याला ‘तूं आमचा खेळ बिघडवितोस’ असें म्हणणारे पुष्कळ निघतील. त्या वेळीं बासाँची आठवण करा. तो पुढें फ्रान्सच्या क्रीडाखात्यांत नोकरीस लागला, आणि ज्या रोगानें त्याचा धंदा गेला, त्याच रोगाच्या प्रतिबंधाचें काम करूं लागला. विजेत्यांच्या यादींत त्याचें नांव कधींच नव्हतें. परंतु ज्यानें त्याला घालवून दिलें, त्याचेंहि नांव आज त्या यादींत नाहीं.